डॉ. बर्नार्डो : निराधार मुलांना घर देणारा माणूस



थॉमस जॉन बर्नार्डो यांचा जन्म ४ जुलै १८४५ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. मिशनरी होऊन चीनला जायचं, म्हणून डॉक्टरकी शिकायला ते १८६६ मध्ये लंडनला आले. त्याच वर्षी शहराच्या पूर्व भागात कॉलऱ्याची मोठी साथ होती. चीन राहिलं बाजूला. त्यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः सांगत की, शाळा सुटली तरी जिम जार्विस नावाचा एक मुलगा घरी जाईना, कारण त्याला घरच नव्हतं. त्यानंच त्यांना रात्री छपरावर उघड्यावर झोपलेली मुलं दाखवली.

१८७० मध्ये स्टेपनी भागात मुलांसाठी वसतिगृह सुरू झालं. एकदा जागा नाही म्हणून अकरा वर्षांच्या जॉन सॉमर्सला परत पाठवलं. दोन दिवसांनी तो थंडीनं आणि उपासमारीनं मेलेला सापडला. ही गोष्ट सांगितली की माझा चौथीचा वर्ग एकदम गप्प होतो. त्यानंतर तिथं पाटी लागली की कोणत्याही निराधार मुलाला परत पाठवलं जाणार नाही. मुलींसाठी १८७६ मध्ये बार्किंगसाइडला छोट्या छोट्या घरांचं एक गावच वसवलं.

इथवरचं सगळे सांगतात. पुढचंही सांगायला हवं.

देणग्या मिळाव्यात म्हणून बर्नार्डो मुलांचे आधीचे आणि नंतरचे फोटो विकत. पैशांचा हिशोब, मुलांना मिळणारी वागणूक आणि हे फोटो यांवर आरोप झाले. १८७७ मध्ये लवाद बसला. बऱ्याच आरोपांतून ते सुटले, पण फोटो मुद्दाम रचलेले असल्याचा ठपका बसला. त्याच सुमारास संस्था विश्वस्तांच्या हाती गेली. पुढे हजारो मुलं कॅनडाला पाठवली गेली, काही तर पालकांना न विचारता. पालक कोर्टात गेले. बर्नार्डोंना वाटे, आपण मुलांना वाचवतोय. वाटतही असेल खरंच! पण त्या मुलांना कोणी विचारलं होतं?

१९ सप्टेंबर १९०५ रोजी ते वारले, तेव्हा ९६ घरांत सुमारे ८,५०० मुलं होती.

त्याच इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीतल्या १६-१७ वर्षांच्या मुलांना आधार देणाऱ्या निवासांना अगदी परवापर्यंत नोंदणी नव्हती, तपासणीही नव्हती. मुलांना खोली मिळायची, पण ती चालवणारा कोण हे बघणारं कुणी नव्हतं. २०२३ मध्ये नियम आले. आता तिथल्या ऑफस्टेड या तपासणी संस्थेकडे नोंदणी सक्तीची आहे.

आपल्याकडेही बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहांना नोंदणी बंधनकारक आहे. वाढदिवसाला खाऊ घेऊन एखाद्या बालगृहात जाल, तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. मागताना अवघड वाटतं, मलाही वाटलं होतं.