दोन पौंडांची दुरुस्ती

सन १९०७. लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान चंदेरी रंगाची एक मोटार सारखी ये-जा करीत होती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ही मोटार बिघाडाने न थांबता १४,३७१ मैल धावली. त्यानंतर ती पूर्ण खोलण्यात आली आणि प्रत्येक भागाची झीज मोजण्यात आली. मोटार पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी लागलेल्या सुट्या भागांचा खर्च भरला अवघा २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स! वाटेत पंक्चर होणे, स्प्रिंग तुटणे हे मोटारमालकाच्या पाचवीला पुजलेले होते, असा तो काळ. ही मोटार घडविणारे हेन्री रॉइस तेव्हा ४४ वर्षांचे होते.

रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील अल्वॉल्टन या खेड्यात झाला. वडिलांचा पिठाच्या गिरणीचा धंदा बुडाला आणि हेन्री नऊ वर्षांचे असताना ते निवर्तले. वर्तमानपत्रे विकणे, तारा पोहोचविणे अशी कामे करीत मुलगा वाढला. मावशीच्या मदतीने पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. पण पैसे संपताच तीही सुटली. शालेय शिक्षण जेमतेम. जे शिकले ते हातांनी. १८८४ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्यासह त्यांनी विजेच्या उपकरणांचा छोटा कारखाना काढला. पुढे तेथे डायनामो आणि विजेच्या क्रेन तयार होऊ लागल्या.

मोटारीकडे ते वळले एका जुन्या गाडीमुळे. त्यांनी विकत घेतलेली फ्रेंच बनावटीची देकोव्हिल काही टाकाऊ नव्हती, पण तिचा आवाज आणि थरथर त्यांना सहन होईना. गाडी खोलून त्यांनी एकेक भाग तपासला आणि अखेर स्वतःच मोटार बांधली. ती एप्रिल १९०४ मध्ये रस्त्यावर आली. पुढच्याच महिन्यात चार्ल्स रोल्स यांची भेट झाली आणि १९०६ मध्ये रोल्स-रॉइस कंपनी स्थापन झाली.

गाडी आवाज करते, थरथरते, म्हणजेच ती आतून झिजते, हे रॉइस यांनी ओळखले होते. म्हणून ‘सिल्व्हर घोस्ट’च्या सहा सिलिंडरच्या इंजिनात त्यांनी जाडजूड क्रँकशाफ्ट बसवला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि तेल दाबाने पोहोचविण्याची व्यवस्था केली. सांगाड्यात रिव्हेटऐवजी निमुळते बोल्ट वापरले. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर या घाटवाटांच्या स्पर्धेतही या बनावटीची गाडी यशस्वी ठरली आणि ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. हे मॉडेल पुढे जवळपास दोन दशके निघत राहिले. दरवर्षी नवा साचा काढणाऱ्या उद्योगाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. मालकांना मात्र तो सोयीचा.

परंतु या टिकाऊपणाला दुसरी बाजू होती. प्रत्येक भाग हाताने घासून शेजारच्या भागाशी जुळवलेला. तो झिजण्यास अनेक वर्षे लागत; पण झिजला की बदलीचा भाग फळीवरून उचलून बसविता येत नसे, पुन्हा कुशल कारागीरच हवा. शिवाय कंपनी केवळ चासी विके. वरची बॉडी वेगळ्या कारखान्यात लाकडी सांगाड्यावर चढविली जाई, आणि इंजिन ठणठणीत असताना लाकूड मात्र कुजे. जुन्या गाडीचा खरा खर्च असतो तो इथे.

१९११ नंतर प्रकृती ढासळल्याने रॉइस कारखान्यापासून दूर, हिवाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणि एरवी इंग्लंडमध्ये राहून आराखडे तपासत. त्यांच्या विमान इंजिनांची कीर्ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९३० मध्ये त्यांना बॅरोनेट करण्यात आले. २२ एप्रिल १९३३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत आखणी सुरू झालेली ‘फँटम-३’ १९३६ मध्ये बाजारात आली. बारा सिलिंडरचे अॅल्युमिनियमचे इंजिन आणि तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट. तेल जरा अस्वच्छ राहिले की टॅपेट बिघडत. पाण्याच्या वाटा तुंबल्या की इंजिन तापे. तिची दुरुस्ती भल्याभल्या धनिकांनाही जड गेली. १९०७ ची ती चंदेरी गाडी मात्र पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाला विकली गेली आणि चाळीस वर्षे वापरात राहून १९४८ मध्ये कंपनीकडे परतली. तिच्या नावावर आज पाच लाखांहून अधिक मैल जमा आहेत.