मॅडम वॉकर यांचे मलम आणि केसांची मुळे

फणीत येणारे गुंतवळ वाढू लागले, की माणूस डोक्याला लावायचे काहीतरी शोधू लागतो. पूर्वी तेल, लेप आणि मलमे होती, आता सीरम आले. लावलेले औषध थेट मुळांपर्यंत जाते, अशी ग्वाही बहुतेक जाहिराती देतात. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत धुणी धुऊन पोट भरणाऱ्या एका विधवेने अशाच एका मलमावर मोठा उद्योग उभा केला. तिच्या मलमाचा अनेकींना गुण आला. मात्र केस उगवणारे कोणतेही औषध त्यात नव्हते. मग गुण कशाचा आला? याचे उत्तर आजही केसांवर पैसे खर्च करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

त्या बाईंचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी त्यांचा जन्म झाला. आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. भावंडांमध्ये गुलामगिरी संपल्यानंतर जन्मलेले पहिले मूल म्हणजे सारा. सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या, बहिणीच्या आश्रयाला गेल्या. मेहुण्याच्या जाचातून सुटण्यासाठी चौदाव्या वर्षी त्यांनी लग्न केले. १८८५ मध्ये मुलगी झाली आणि विशी गाठेपर्यंत वैधव्य आले. लेकीला घेऊन त्या सेंट लुईस शहरात आल्या. तिथे त्यांचे भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करत. सारा मात्र दिवसाला जेमतेम दीड डॉलरवर लोकांची धुणी धुऊ लागल्या.

तिशीच्या आसपास त्यांचे केस झपाट्याने गळू लागले आणि डोक्यावर चट्टे दिसू लागले. त्या काळातल्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हा त्रास सर्रास आढळे. त्याचे कारण राहणीत होते. घरात नळ नव्हता, त्यामुळे डोक्यावरून न्हाणे फार क्वचित घडे. साबण कॉस्टिक सोड्याचा आणि त्वचा जाळणारा होता. आहार निकृष्ट आणि कष्ट अपार. साचलेला मळ, तेलकटपणा आणि खपल्या यांत बुरशीसारखे सूक्ष्मजीव वाढतात. त्वचा लाल होते, खाज सुटते, खाजवून जखमा होतात. अशा सुजलेल्या त्वचेत केसांची पकड ढिली पडते.

साराबाईंनी बाजारातले अनेक उपाय करून पाहिले. केसांच्या उत्पादनांचा व्यवसाय करणाऱ्या ॲनी टर्नबो मलोन यांच्या विक्रेत्या म्हणूनही त्यांनी काम केले. १९०५ मध्ये त्या डेन्व्हरला गेल्या. पुढच्याच वर्षी वृत्तपत्रांतील जाहिरातींचा अनुभव असलेल्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचे केशवर्धक मलम विकायला सुरुवात केली. हे सूत्र आपल्याला स्वप्नात मिळाले, असे त्या सांगत. ॲनी मलोन यांचे म्हणणे वेगळे होते. आपल्याच मलमाची ही नक्कल आहे, असा त्यांचा आरोप होता.

त्या डबीत मुख्यतः दोन गोष्टी होत्या, पेट्रोलियम जेली आणि गंधक. दोन्ही वैद्यकाला आधीपासून माहीत होत्या. पेट्रोलियम जेली त्वचेच्या वरच्या थरातच राहते, खपल्या मऊ करते आणि ओलावा टिकवते. गंधकामुळे मृत पेशींचे थर सुटे होतात आणि जंतूंच्या वाढीला आळा बसतो. कोंड्यावरच्या काही औषधांत गंधक आजही असते. मलमाइतकेच महत्त्व होते ते वॉकरबाईंच्या पद्धतीला. डोके नियमितपणे शाम्पूने धुवा, त्वचा स्वच्छ करा आणि मग मलम लावा, असे त्या शिकवत. म्हणजे उपचार झाला तो डोक्याच्या त्वचेचा. मुळे खाली जिवंतच होती. वरचा आजार हटला आणि केस आपले आपण वाढू लागले.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९०८ मध्ये त्यांनी पिट्सबर्गला मुलीच्या नावाने प्रशिक्षण शाळा काढली आणि १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना. घरोघर जाऊन केसांची निगा राखणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया त्यांच्या प्रतिनिधी झाल्या. धुणीभांडी आणि शेतमजुरी यांपलीकडे त्यांना स्वतःची कमाई मिळाली. १९१७ मध्ये फिलाडेल्फिया येथे या स्त्रियांचे अधिवेशन भरले. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध निवेदन घेऊन व्हाइट हाउसवर गेलेल्या शिष्टमंडळात वॉकरबाई होत्या. अध्यक्ष विल्सन यांनी भेट नाकारली. झुंडीच्या हत्यांविरुद्धच्या चळवळीला बाईंनी पाच हजार डॉलर दिले.

मात्र शरीर साथ देत नव्हते. रक्तदाब वाढत गेला. त्या काळी डॉक्टरांकडे त्यावर परिणामकारक औषध नव्हते, विश्रांतीचा सल्ला तेवढा मिळे आणि बाईंना विश्रांती माहीत नव्हती. मूत्रपिंडे निकामी होऊन २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वकष्टाने दशलक्षाधीश झालेली पहिली अमेरिकन स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. प्रत्यक्षात मृत्यूसमयी त्यांची मालमत्ता सुमारे सहा लाख डॉलरची होती.

ज्या आजाराने त्यांचा घास घेतला, त्याच आजारावरच्या औषधातून केसांचे खरे औषध पुढे आले. मिनॉक्सिडिलच्या गोळीला अमेरिकेत १९७९ मध्ये तीव्र रक्तदाबासाठी मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढू लागल्याचे दिसले. मग डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये त्याला पुरुषांमधील टकलासाठी मान्यता मिळाली.

अनुवंशाने येणाऱ्या टकलात डोक्याची त्वचा वरून निरोगी दिसते, पण मुळे लहान लहान होत जातात. इथे औषध खाली पोहोचणे भाग असते आणि ते सोपे नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर एका केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, पण वीटकामासारखा घट्ट असतो. मृत पेशी या विटा आणि स्निग्ध पदार्थ हा चुना. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू तो सहसा ओलांडू शकत नाहीत. मिनॉक्सिडिलचा रेणू सुमारे २०९ डाल्टनचा, म्हणजे हलका आहे. शिवाय डोक्यावर केसांची छिद्रे दाट असतात आणि त्यांतून आत जायला आडवाट मिळते. त्यामुळेच हातापेक्षा डोक्याच्या त्वचेतून काही औषधे कितीतरी अधिक शोषली जातात. तरीही लावलेल्या मिनॉक्सिडिलपैकी सरासरी दीड टक्क्याहून कमीच भाग रक्तात उतरतो. केसाच्या मुळाशी असलेले एक विकर त्याला गंधकाचा अंश असलेला गट जोडते आणि मगच ते काम करू लागते. ज्यांच्या मुळाशी हे विकर कमी असते, त्यांना औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

नारळाच्या तेलाचे काम आणखी निराळे. ते केसाच्या काडीत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. म्हणजे असलेला केस त्याने टिकतो. मूळ जागे करण्याचे काम त्याचे नाही.

तेव्हा आधी आपला त्रास कोणता ते ओळखावे. खाज, खपल्या, लालसरपणा असेल तर आधी त्वचेवर उपचार हवेत. अशा त्वचेला मिनॉक्सिडिल लावू नये. तिथून औषध गरजेपेक्षा जास्त आत जाते, आग होते आणि क्वचित छातीत धडधडही होते. भांग रुंदावत असेल किंवा कपाळ वर सरकत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. द्रावण कोरड्या डोक्यावर, केसांवर नव्हे तर त्वचेवर लावावे आणि निदान चार तास धुऊ नये. जोराने चोळल्याने किंवा दुप्पट मात्रेने केस लवकर येत नाहीत. सुरुवातीला केसगळती थोडी वाढते आणि परिणाम दिसायला चार महिने तरी लागतात. औषध थांबवले की टिकलेले केसही पुढे गळतात. गर्भवती आणि स्तनदा मातांनी ते टाळावे. आणि टाळू गुळगुळीत होऊन छिद्रेच बुजली असतील, तर कोणतेही मलम तिथे केस आणू शकत नाही. वेळीच दाखवणे महत्त्वाचे ते यासाठीच.