पी. ओ. ॲक्ली

पार्कर ओटो ॲक्ली (जन्म १९०३, मृत्यू १९८९) हे अमेरिकन बंदूक कारागीर, संशोधक, शिक्षक व लेखक होते. रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी आतून अधिक मोठी करून तयार केलेल्या ‘ॲक्ली इम्प्रूव्हड’ काडतुसांसाठी ते ओळखले जातात.

== जीवन ==
ॲक्ली यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ग्रॅनव्हिल येथे झाला. १९२७ मध्ये ते सिरॅक्यूज विद्यापीठातून पदवीधर झाले. १९३६ मध्ये त्यांनी ऑरेगनमधील रोझबर्ग येथील बंदुकांचे दुकान विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथे कारखाना काढला व तेथील महाविद्यालयात बंदूककाम शिकवले. १९५१ पासून ते सॉल्ट लेक सिटी येथे राहिले.

== सुधारित पुंगळी ==
ॲक्ली यांची पद्धत साधी होती. रायफलचे चेंबर किंचित रुंद करून त्यात मूळ कारखानी काडतूस झाडले, की पितळ फुगून नव्या चेंबरचा आकार घेते. पुंगळीचा निमुळतेपणा जवळजवळ नाहीसा होतो, खांदा बहुधा ४० अंशांचा होतो आणि आत अधिक दारू मावते. .२५० सॅव्हेज, .२५७ रॉबर्ट्स अशा निमुळत्या पुंगळ्यांना याचा चांगला लाभ झाला. मुळातच मोठ्या असलेल्या पुंगळ्यांना मात्र फारसा झाला नाही, हे स्वतः ॲक्ली यांनीच नमूद केले.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे .३७८ वेदरबी मॅग्नम या अवजड पुंगळीचे तोंड .२२ गोळीसाठी आवळून त्यांनी बनवलेले ‘इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’ हे काडतूस. (नाव अर्थातच विनोदी आहे.) ५० ग्रेनची गोळी सेकंदाला ५,००० फुटांपलीकडे नेण्याचा हेतू होता, वेग सुमारे ४,६०० फुटांवर थांबला. नळीच्या छिद्राच्या मानाने दारू फार झाली, की वाढीव दारूतून मिळणारा वेग घटत जातो.

== क्षमता आणि दाब ==
बंदुकीची धूररहित दारू दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते. जागा कमी असेल तर दाब लवकर चढतो, त्याने ज्वलन वेगावते आणि दाब आणखी चढतो. पुंगळीचे बाहेरील माप चेंबरने ठरते. त्यामुळे पितळ जाड असेल तर ती जाडी आतल्या जागेतूनच वजा होते. लष्करी ७.६२ मिमी पुंगळ्या बहुधा नागरी .३०८ विंचेस्टर पुंगळ्यांहून जड असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकीत सुरक्षित ठरलेले दारूचे वजन दुसरीत धोक्याचे ठरू शकते. म्हणून काडतुसे पुन्हा भरणारे लोक झाडलेल्या पुंगळीत पाणी भरून त्याचे वजन करतात. क्षमता ‘पाण्याचे ग्रेन’ या मापात सांगितली जाते (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). पुंगळीची जात बदलली, की दारूचे प्रमाण कमी करून पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा प्रघातही यातूनच आला.

== चाचण्या व गैरसमज ==
ॲक्ली यांनी अनेक लष्करी रायफली मुद्दाम जादा दारूने झाडून फुटेपर्यंत तपासल्या. त्यांत जपानी अरिसाका सर्वांत दणकट ठरली. युद्धानंतर अमेरिकेत तिला हलकी समजत, त्यामुळे हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी विंचेस्टर १८९४ रायफलचा बोल्ट अडवणारा भाग काढून .३०-३० ‘इम्प्रूव्हड’ काडतूस झाडले. सरळ भिंतींची पुंगळी कोरड्या चेंबरला घट्ट धरून राहते, त्यामुळे बोल्टवरील धक्का कमी होतो, असे त्यांनी त्यातून दाखवले.

या प्रयोगाचा चुकीचा अर्थ पुष्कळांनी काढला. बोल्टवरचा धक्का कमी होणे म्हणजे आतला दाब कमी होणे नव्हे. दाब वाढत गेला, की पितळ ताणले जाऊन ती पकडही सुटते. शिवाय अशा पुंगळ्या सहजी अडकत नसल्याने अतिदाबाची नेहमीची खूण उशिरा दिसते. तोवर भरणारा सुरक्षित मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो.

== लेखन ==
त्यांचा ‘हँडबुक फॉर शूटर्स अँड रिलोडर्स’ हा ग्रंथ दोन खंडांत आहे. पहिला खंड १९६२ मध्ये निघाला. त्यातील दारूची प्रमाणे त्या काळच्या दारूंसाठी व पुंगळ्यांसाठी होती. त्यांच्या काडतुसांपैकी .२८० ॲक्ली इम्प्रूव्हड हे त्यांच्या मृत्यूनंतर, एकविसाव्या शतकात, नोस्लर कंपनीने कारखानी स्वरूपात बाजारात आणले.