किर्लोस्करांचा लोखंडी नांगर दोन वर्षं का विकला गेला नाही?

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असं शेतकरी एकेकाळी मानायचे. १८६९मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना या समजुतीचा फटका बसला. त्यांना खरं तर चित्रकार व्हायचं होतं. रंग नीट ओळखता येईनात म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. मुंबईत शिकवलं, बेळगावात सायकली विकल्या, कडबाकुट्टी यंत्र बनवलं. १९०३मध्ये लोखंडी नांगर तयार केला, पण पहिलं गिऱ्हाईक मिळायला तब्बल दोन वर्षं लागली. कारण फक्त अंधश्रद्धा नसावी. लाकडी नांगर गावातला सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. बिडाचा फाळ तुटला तर शेतकऱ्याने जायचं कुठे? आमच्या इंजिनीअरिंगच्या भाषेत, हा सर्व्हिसिंगचा प्रश्न! पुढे नांगर खपू लागले. १९१०मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६मध्ये लक्ष्मणरावांचं निधन झालं.