विकणं न जमणारा दुकानदार : फ्रँक वूलवर्थ

आज आपण दुकानात शिरतो, वस्तू हातात घेतो, उलटून बघतो, नको असेल तर परत ठेवतो. भाव विचारावा लागत नाही, तो लिहिलेलाच असतो. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बहुतेक दुकानांत माल काउंटरच्या मागे असायचा. गिऱ्हाईकानं मागायचं आणि नोकरानं काढून दाखवत, गोड बोलत तो गळ्यात मारायचा. फ्रँक वूलवर्थला नेमकं हेच बोलणं जमत नव्हतं.

१८५२ चा जन्म, न्यूयॉर्क राज्यातलं शेतकरी घर. शेतीला कंटाळून १८७३ मध्ये तो वॉटरटाऊनच्या एका दुकानात लागला. पहिले तीन महिने बिनपगारी! पुढे दुसऱ्या दुकानात त्याची विक्री बघून मालकानं आठवड्याचा पगार दहा डॉलरवरून आठवर आणला.

१८७८ मध्ये पुन्हा जुन्या दुकानात असताना किरकोळ मालाचं एक टेबल मांडलं गेलं. काहीही उचला, पाच सेंट. टेबल बघता बघता रिकामं झालं. कुणाला काही पटवून द्यावंच लागलं नाही.

फ्रँकनं मालकाकडून उधारीवर माल घेतला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये उटिका गावी दुकान टाकलं. ते काही महिन्यांत बसलं. जूनमध्ये लँकेस्टरला दुसरं उघडलं, तिथं पहिल्याच दिवशी १२७ डॉलरची विक्री झाली. नंतर दहा सेंटचा माल आला आणि दुकानांची रांगच लागली.

एवढ्या स्वस्तात परवडायचं कसं? दलाल टाळून तो थेट कारखान्यांकडून माल घ्यायचा. नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे तर जर्मनीहून आणायचा. दुसरं कारण मात्र कडवट आहे. माल आपोआप खपत असेल, तर हुशार विक्रेते हवेत कशाला? काउंटरवर मुली ठेवायच्या आणि पगार कमीत कमी द्यायचा, असं तो मॅनेजरांना पत्रांतून बजावायचा. स्वतःचे कापलेले दोन डॉलर तो विसरला असेल, असं वाटत नाही.

१९१३ मध्ये न्यूयॉर्कला त्याची ७९२ फुटांची इमारत उभी राहिली. १९३० पर्यंत जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती. १ कोटी ३५ लाख डॉलरचा खर्च त्यानं रोखीनं भागवला.

दातांच्या डॉक्टरची मात्र त्याला भीती. दुखणं अंगावर काढलं, संसर्ग पसरला आणि ८ एप्रिल १९१९ ला तो गेला. तेव्हा दुकानं हजारावर होती. नव्या मृत्युपत्रावर सही राहून गेली होती. त्यामुळे १८८९ चं जुनं मृत्युपत्र लागू झालं आणि सगळी संपत्ती पत्नी जेनीला मिळाली. तिची स्मृती तोवर पार गेली होती.