मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवणाऱ्या डनलॉप यांचा धडा मोठी अलॉय व्हील घेताना आजही कामाला येतो

नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलं की आधी नजर जाते चाकांवर. साध्या मॉडेलला १५ इंची चाक, टॉप मॉडेलला चकचकीत १७ इंची अलॉय. मोठं चाक भारी दिसतं, यात वादच नाही. पण तीच गाडी पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यावर आली की रिम वाकणं, टायरच्या कडेला फुगा येणं अशी दुखणी सुरू होतात.

असं का होतं? याचं उत्तर १३० वर्षांहून जुनं आहे. ते जगाला पटवून देणारा माणूस इंजिनियर नव्हता, जनावरांचा डॉक्टर होता. जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातल्या शेतकरी घरातला. एडिनबर्गमध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडला आले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी चांगला जम बसवला. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे. तेव्हाच्या सायकलींना भरीव रबराच्या पट्ट्या असायच्या. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची.

१८८७ मध्ये त्यांचा लहान मुलगा जॉनी याच्या तीनचाकीचंही हेच रडगाणं होतं. डनलॉप यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली, तिच्यावर पातळ रबराची नळी बसवली, वरून कापड ताणून पक्कं केलं आणि नळीत हवा भरली. मग अंगणात दोन चाकं सोडली. एक तीनचाकीचं जुनं चाक, दुसरी ही चकती. जुनं चाक मध्येच आडवं झालं. हवेवालं चाक मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, फाटकाला धडकलं आणि उलटं फिरलं.

यामागचं गणित सोपं आहे. कडक चाकापुढे दगड आला की चाकाबरोबर अख्खी गाडी वर उचलली जाते. पुढे जाण्याची ताकद वर उडण्यात वाया जाते. हवेचा टायर मात्र दगडापुरता आत दबतो आणि पुढे सरकतो. म्हणजे धक्काही कमी आणि वेगही जास्त. डनलॉप यांना मुलासाठी आराम हवा होता, वेग त्यांना बोनस मिळाला.

१८८८ मध्ये त्यांनी पेटंट मिळवलं. खरी परीक्षा झाली १८ मे १८८९ ला, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर. विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून शर्यतीत उतरला. लोक हसले. ह्यूमनं चारही शर्यती जिंकल्या. त्याच्यासमोर हरलेल्यांमध्ये हार्वे दु क्रॉ या उद्योजकाची मुलंही होती. दु क्रॉ यांनी पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये टायरची कंपनी उभी राहिली.

आता यश पक्कं असं वाटत असतानाच घोटाळा झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतल्याचं उघड झालं. थॉमसन यांच्या काळात सायकलींची लाट आली नव्हती, मोटारी तर नव्हत्याच. त्यामुळे त्यांचा शोध विस्मरणात गेला होता. डनलॉप यांना याची कल्पना नव्हती, पण त्यांचं मूळ पेटंट रद्दबातल ठरलं. टायर रिमवर घट्ट बसवण्याच्या आणि काढता येण्याच्या इतरांच्या पेटंटवर कंपनी तरली.

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले आणि आपले बहुतेक शेअर्स त्यांनी विकले. १८९६ मध्ये हीच कंपनी ३० लाख पौंडांना विकत घेऊन पुढे ५० लाखांना बाजारात आणली गेली. त्यातला मोठा वाटा काही डनलॉप यांच्या हाती लागला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर त्यांचं आडनाव जगभरातल्या टायरांवर पोचलं होतं. भारतातही १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला.

आता परत येऊ आपल्या अलॉयकडे. टायरच्या कडेला १९५/६५ आर १५ असा आकडा छापलेला असतो. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, सुमारे १२७ मिलिमीटर. हेच ते प्रोफाइल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. याच्या जागी २०५/५० आर १७ बसवला तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण टायरची उंची उरते १०२ मिलिमीटरच्या आसपास. रिमनं जागा घेतली ती हवेची. टायरला दबायला वाव कमी, त्यामुळे खड्ड्याची धार थेट रिमपर्यंत पोचते.

कमी प्रोफाइलचे टायर वाईट नसतात. गुळगुळीत हायवेवर, वळणावर ते गाडीला चांगली पकड देतात. पण रोजचा रस्ता खडबडीत असेल तर रिम छोटी आणि टायर उंच ठेवलेलाच बरा. मोठं चाक घ्यायचंच असेल, तर गाडीच्या कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांतलंच घ्या. एकूण व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकतो, टायर मडगार्डला घासू शकतो. आणि हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच ठेवा. कमी हवेनं खड्ड्यात गेलेली अलॉय सगळ्यात आधी वाकते.

बेलफास्टच्या अंगणात फाटकापर्यंत पोचलं ते हवा असलेलं चाक. रिम निवडताना एवढं आठवलं तरी पुरे.