अल्पमताची कैवारी : कॅथरीन हेलन स्पेन्स

कॅथरीन हेलन स्पेन्स यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८२५ रोजी स्कॉटलंडमधील मेलरोझजवळ झाला. घरची सांपत्तिक स्थिती खालावल्याने १८३९ मध्ये हे कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियात आले. वडील ॲडलेड नगरपालिकेचे चिटणीस झाले. तेथील १८४० च्या पहिल्या निवडणुकीत एक अभिनव तरतूद होती : ठरावीक संख्येने मतदार एकत्र आल्यास त्यांना एकमताने आपला नगरसेवक निवडता येई. ती नगरपालिका लवकरच मोडीत निघाली. कल्पना मात्र कॅथरीनबाईंच्या मनात रुजली.

१८५९ मध्ये टॉमस हेअर यांच्या योजनेची त्यांना ओळख झाली. मतदाराने पसंतीक्रम लिहावा; विजयी उमेदवाराची जादा मते आणि बाद झालेल्याची मते पुढील पसंतीकडे जावीत, अशी ती योजना. बहुमतवाल्यांनी साऱ्या जागा घ्याव्यात आणि उरलेल्यांना आवाजच नसावा, हे त्यांना अमान्य होते. १८६१ मध्ये त्यांनी यावर पुस्तिका लिहिली. पुढे गावोगावच्या सभांत नमुना मतपत्रिका वाटून त्या मोजणी करून दाखवीत.

कादंबरीलेखन, पत्रकारिता आणि अनाथ मुलांचे संगोपन यांसह त्यांनी हे व्रत अर्धशतक चालवले. १८९७ मध्ये त्या ऑस्ट्रेलियातील पहिल्या महिला उमेदवार ठरल्या. पण ३३ जणांत २२ व्या आल्या. त्याच वर्षी टास्मानियातील होबार्ट व लॉन्सेस्टन या शहरांनी ही पद्धत विधिमंडळाच्या निवडणुकीत अनुभवली.

३ एप्रिल १९१० रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या प्रांताने ती स्वीकारलेली नव्हती. आपली राज्यसभा आज याच तत्त्वावर निवडली जाते. नगरपालिकांचे दार मात्र तिला अजून बंदच आहे.